नॅनोक्रिस्टल जेलमध्ये टाकले की कणी येते आणि स्किनवर फरक दिसत नाही: नेमकं कुठे बिघडतंय ते असं शोधा

तक्रार जवळपास सगळ्यांची एकच असते. हळदीतल्या करक्युमिनचं नॅनोसस्पेन्शन, म्हणजे पाण्यात तरंगणारे त्याचे अतिबारीक क्रिस्टल, छान झालं, साइज २०० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (कणांच्या साइजमधली तफावत) कमी, झीटा पोटेन्शियल (कणांवरचा चार्ज) व्यवस्थित, बाटली ठेवून दिली तरी खाली काही बसत नाही, आणि तेच जेलमध्ये घातलं की थोड्या आठवड्यांत बोटाला कणी लागायला लागते, पिवळा रंग तांबूस नाहीतर फिका पडतो, आणि फ्रांझ सेलवर, म्हणजे स्किनच्या तुकड्यातून खालच्या द्रवात किती औषध उतरतं ते मोजायच्या उपकरणावर, लावलं तर साध्या करक्युमिन जेलपेक्षा वेगळं काही येत नाही. मग कुणीतरी सांगतं पेनिट्रेशन एन्हान्सर, म्हणजे औषध स्किनमध्ये शिरायला मदत करणारा घटक, वाढवा, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल वाढवलं जातं, थोडं इथेनॉलही घातलं जातं, आणि कणी अजून लवकर येते. मग परत मिलिंगकडे, म्हणजे बारीक बीड्समध्ये औषध दळण्याकडे, वळायचं, बीड्स बदलायचे, तास वाढवायचे, आणि त्यात सेमिस्टर जातं.

मिलिंगमध्ये बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. चुकतं ते दोन ठिकाणी, एक म्हणजे जेलचा बेस निवडताना आणि दुसरं म्हणजे मोजताना. नॅनोक्रिस्टल जोपर्यंत बेसमध्ये न विरघळता, लहानच्या लहान राहतोय तोपर्यंतच त्याचा उपयोग आहे, तो विरघळला तर तुमच्याकडे साधं सोल्युशन उरलं आणि तो वाढला तर साधी पावडर उरली. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचं सगळं तपासणं सोपं होतं.

आधी थोडं कामाचं तत्त्व, कारण ते नीट कळलं नाही तर उपाय उलटे होतात. नॅनोक्रिस्टल म्हणजे औषधाचाच कण, एक मायक्रॉनपेक्षा लहान, भोवती स्टॅबिलायझरचा पातळ थर, आत लायपोसोमसारखं कवच वगैरे काही नाही, कण जवळजवळ शंभर टक्के औषधच. दहा मायक्रॉनचा कण २०० नॅनोमीटरपर्यंत आणला की एकूण पृष्ठभाग पन्नास पट होतो आणि एका कणाचे सव्वा लाख कण होतात. पिठीसाखर खडीसाखरेपेक्षा लवकर विरघळते तसंच हे, फक्त इथे अजून एक फायदा मिळतो, की खूप लहान कणाची सॅच्युरेशन सोल्युबिलिटी, म्हणजे जास्तीत जास्त विरघळायचं प्रमाण, तीही थोडी वाढते. जेलच्या पाण्याच्या भागात औषध सॅच्युरेशनला असतं, त्यातलं थोडं स्किनमध्ये शिरलं की क्रिस्टलमधून लगेच तेवढं परत विरघळतं, म्हणजे स्किनवर सतत भरलेली टाकी राहते आणि आत ढकलणारा कॉन्सन्ट्रेशन ग्रेडियंट पडत नाही. शिवाय लहान कण स्किनला चिकटून बसतात. क्रिस्टल स्वतः अख्खाच्या अख्खा स्ट्रेटम कॉर्नियममधून, म्हणजे स्किनच्या सगळ्यात वरच्या थरातून, आरपार जातो असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, आत जातो तो विरघळलेला रेणू, क्रिस्टल वर बसून पुरवठा करतो. केसांच्या मुळांची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.

तोंडावाटे घ्यायच्या औषधांत हे तंत्र आधी चाललं, रॅपाम्यून ही सिरोलिमसची गोळी २००० साली अमेरिकेत मंजूर झाली, ती नॅनोक्रिस्टलवाली पहिली. स्किनसाठी मोठं काम बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत रायनर म्युलर यांच्या ग्रुपने केलं आणि २००७ मध्ये जुव्हेना या कॉस्मेटिक ब्रँडने रुटिनचे नॅनोक्रिस्टल असलेलं प्रॉडक्ट आणलं. रुटिनवरचं ते काम आपल्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात पाण्यात चांगलं विरघळणारं रुटिन ग्लुकोसाइड आणि न विरघळणारं रुटिन नॅनोक्रिस्टल यांची तुलना झाली होती, आणि विरघळलेलं प्रमाण ग्लुकोसाइडचं कितीतरी जास्त असूनही परिणाम नॅनोक्रिस्टलचा जास्त आला. म्हणजे भांड्यात जास्त विरघळलं म्हणून स्किनमध्ये जास्त गेलं असं होत नाही, पाण्याला धरून बसलेला रेणू स्किनच्या लिपिडमध्ये जायला तयार नसतो.

साइज नेमकी कुठे बिघडली ते आधी पकडा

नवीन बॅच करायच्या आधी हे करा. जे सॅम्पल आत्ता हाताशी आहेत ते काढा, म्हणजे ताजं सस्पेन्शन, तेवढेच दिवस ठेवलेलं जुनं सस्पेन्शन, सस्पेन्शन मिसळल्यावर लगेच काढून ठेवलेलं जेल, ठेवून कणी आलेलं जेल, आणि औषध नसलेलं प्लेन जेल. प्लेन जेल सगळेच विसरतात आणि त्याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही, कारण कार्बोपॉल, म्हणजे जेल घट्ट करणारा पॉलिमर, नीट भिजला नसेल तर त्याच्याच गुठळ्या, लॅबमध्ये ज्याला फिश आय म्हणतात त्या, बोटाला कणीसारख्या लागतात आणि अडकलेले हवेचे बुडबुडे स्लाइडवर कणासारखे दिसतात.

आता पोलराइज्ड लाइटचा मायक्रोस्कोप. झीटासायझरच्या, म्हणजे कणांची साइज आणि झीटा मोजणाऱ्या मशीनच्या, आधी हा, माझं मत याबाबतीत पक्कं आहे. जेल स्लाइडवर अगदी थोडं घ्या, कव्हरस्लिप हलकी दाबा, आधी साध्या प्रकाशात बघा आणि मग पोलरायझर क्रॉस करा. चांगल्या जेलमध्ये मागचं सगळं काळं होतं आणि बारीक चकाकी सारखी पसरलेली दिसते, सुटे कण ओळखू येत नाहीत. बिघडलेल्या जेलमध्ये त्या काळ्यावर लांब, टोकदार सुया उजळून दिसतात, करक्युमिन वाढतं तेव्हा असंच सुयांसारखं वाढतं. आणि तिसरा प्रकार, गोळे दिसतात पण गोळ्याच्या आत बारीक बारीक कण वेगळे कळतात. हा फरक नीट बघा, कारण सुया म्हणजे औषध विरघळून परत मोठ्या क्रिस्टलवर बसलं, ऑस्टवाल्ड रायपनिंग, आणि गोळे म्हणजे कण एकमेकांना चिकटले, अ‍ॅग्रिगेशन. दोन्हीची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि झीटासायझर दोन्हीला नुसता मोठा आकडा देऊन मोकळा होतो.

जुनं सस्पेन्शन ठीक आणि जेल बिघडलं तर बेसमध्ये घोळ आहे. सस्पेन्शनच वाढलं असेल तर मग मात्र स्टॅबिलायझर किंवा बनवायच्या पद्धतीकडे जा, आणि तुम्ही अँटीसॉल्व्हंट पद्धतीने, म्हणजे इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पाण्यात ओतून केलं असेल तर पहिला संशय उरलेल्या सॉल्व्हंटवर घ्या, तो पूर्ण काढला नाही तर कण वाढतच राहतात. त्या पद्धतीत कण अमॉर्फस (क्रिस्टल न झालेले) निघालेलेही असू शकतात आणि ते नंतर सावकाश क्रिस्टल होतात, तेव्हा डीएससी किंवा एक्सआरडी, म्हणजे कण क्रिस्टल आहेत की नाही ते सांगणारी टेस्ट, एकदा करून घ्याच.

सुया दिसल्या तर

सुया दिसल्या की फॉर्म्युल्याचा कागद समोर घ्या आणि प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारा, यात माझं औषध किती विरघळतं? प्रॉपिलीन ग्लायकॉल, इथेनॉल, ट्रान्सक्युटॉल, पीईजी ४०० हे सगळे करक्युमिनला चांगले विरघळवतात. लहान कण मोठ्या कणापेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे लहान कणाजवळचं औषध सॉल्व्हंटमधून मोठ्या कणाकडे जातं आणि तिथे बसतं, लहान संपतो, मोठा वाढतो. बेसमध्ये विरघळायची ताकद जितकी जास्त तितकं हे जोरात चालतं. म्हणजे ज्या एन्हान्सरने स्किनमध्ये जास्त जाईल म्हणून तो घातला त्यानेच क्रिस्टल खाल्ले. आणि समजा वाढले नाहीत, सगळेच्या सगळे विरघळले, तरी तुमच्याकडे करक्युमिनचं ग्लायकॉल सोल्युशन आहे, मग दिवसभर मिल फिरवून काय मिळवलं.

टेस्ट साधी आहे. जेलिंग एजंट सोडून बाकीचा द्रव भाग तुमच्या फॉर्म्युल्यातल्या प्रमाणात एकत्र करा, त्यात साधी करक्युमिन पावडर जास्तीची घाला, दोन दिवस ३२ अंशांवर हलवत ठेवा, वरचं स्वच्छ काढून मोजा. मग त्यातून एकेक घटक कमी करत हेच परत करा. कुठला घटक गुन्हेगार आहे ते आकड्यातच दिसतं. मॉइश्चरसाठी काही हवंच असेल तर ग्लिसरीन घ्या, करक्युमिन त्यात फारसं विरघळत नाही.

स्टॅबिलायझर जास्त झाला तरी हेच होतं आणि हे लवकर लक्षात येत नाही. ट्वीन ८०, टीपीजीएस, पोलोक्झामर हे कणाच्या पृष्ठभागावर बसून उरले की मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंचे बारीक पुंजके, करतात आणि मायसेलमध्ये औषध विरघळतं. सस्पेन्शन पातळ करताना किंवा जेलमध्ये वरून परत तोच सर्फॅक्टंट घातला जातो, क्रीम असेल तर इमल्सिफायर असतोच, तेव्हा एकूण किती झाला ते मोजा. म्हणूनच पोलोक्झामर ४०७ चं थर्मोजेल, म्हणजे उबेने घट्ट होणारं जेल, करायचा मोह होतो तेव्हा जरा थांबा, तिथे जेल होण्यासाठीच अठरा-वीस टक्के पोलोक्झामर लागतो, म्हणजे मायसेलचा समुद्रच, आणि त्यात नॅनोक्रिस्टल नॅनोक्रिस्टल म्हणून टिकतील अशी अपेक्षा मी तरी टेस्ट केल्याशिवाय ठेवणार नाही.

आता एक उलटं उदाहरण, कारण नाहीतर कुणीतरी इथेनॉल सरसकट वाईट असं लिहून ठेवेल. कॅफीन. कॅफीन पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, त्यामुळे त्याचे नॅनोक्रिस्टल पाण्यात करायला गेलं की भराभर वाढून सुया होतात. म्युलरांच्याच ग्रुपने त्यासाठी पाण्याऐवजी इथेनॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल अशी कमी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटची, म्हणजे पाण्यापेक्षा कमी ध्रुवीय, माध्यमं घेतली आणि स्टॅबिलायझर म्हणून कार्बोपॉल ९८१ वापरला. जे करक्युमिनला मारतं तेच कॅफीनला वाचवतं. म्हणून दुसऱ्या औषधाच्या पेपरमधला बेस जसाच्या तसा उचलू नका, आपल्या औषधाची सोल्युबिलिटी बघून उचला.

तापमानही इथेच येतं. चाळीस अंशांवर ठेवलं की थोडं जास्त विरघळतं, रात्री एसी लागला किंवा फ्रिजमध्ये गेलं की ते परत बाहेर पडतं आणि ते आधीच्याच मोठ्या कणांवर बसतं. त्यामुळे एकाच तापमानाला ठेवलेल्यापेक्षा वर-खाली झालेलं सॅम्पल लवकर बिघडतं. मे महिन्यात नागपुरातून पुण्याला टेस्टिंगला पाठवलेला डबा गाडीच्या डिकीत तापून आला आणि मग थेट फ्रिजमध्ये गेला, तर पोचलेल्या सॅम्पलची साइज तुमच्या जेलबद्दल काही सांगत नाही, प्रवासाबद्दल सांगते. सोबत एक सस्पेन्शनची कुपी पाठवा आणि एक कुपी घरी ठेवा, मग तुलना करता येते.

गोळे दिसले तर

इथे भांडण चार्जचं असतं. स्टॅबिलायझर आयॉनिक असेल तर कण एकमेकांपासून लांब राहतात ते चार्जमुळे, आणि मीठ पडलं की तो चार्ज दबतो. जेलमध्ये मीठ कुठून आलं असं वाटतं, पण ट्रायइथेनॉलअमीन किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल केलेला कार्बोपॉल, बफर, सोडियम बेंझोएट, सोडियम ईडीटीए, सगळे आयनच आहेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजलेला झीटा उणे ३५ आला म्हणून खूश होऊ नका, बेसच्या द्रवात, म्हणजे त्याच पीएचला आणि त्याच मिठात, परत मोजा, बऱ्याचदा तो निम्म्यावर आलेला असतो आणि कारण तिथेच सापडतं.

उपाय म्हणजे नॉनआयॉनिक स्टॅबिलायझर, जो चार्जवर नाही तर आपल्या लांब साखळ्यांच्या अडथळ्यावर कण लांब ठेवतो. टीपीजीएस, पोलोक्झामर १८८, किंवा कॉस्मेटिकमध्ये चालणारा डेसिल ग्लुकोसाइड. एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) गोळीच्या फॉर्म्युलेशनमधून उचलून इथे आणू नका, स्किनवर तासन्‌तास राहणाऱ्या जेलमध्ये तो त्रास देतो आणि शिवाय स्किनचा बॅरिअरच सैल करतो, मग आलेला रिझल्ट नॅनोक्रिस्टलचा की एसएलएसचा हे कुणालाच सांगता येत नाही. जेलिंग एजंटही नॉनआयॉनिक घेऊन बघा, हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज किंवा एचपीएमसी. कार्बोपॉलइतकं चकचकीत, सुंदर जेल होत नाही हे मान्य, पण निदान करायला तरी एक बॅच तशी करा, त्यात गोळे आले नाहीत तर कारण सापडलं.

प्रिझर्व्हेटिव्हकडेही बघा. फेनॉक्सीइथेनॉलसारखे तेलकट प्रिझर्व्हेटिव्ह स्टॅबिलायझरच्या थरात घुसून त्याला ढिला करू शकतात, आणि पॅराबेन उलट ट्वीनच्या मायसेलमध्ये जाऊन बसतात म्हणजे जंतूंसाठी उरतच नाहीत. प्रिझर्व्हेटिव्हशिवायची एक छोटी बॅच फ्रिजमध्ये ठेवून बघितली की कळतं.

मिसळायची पद्धत पण सांगतो कारण यात खूप बॅच वाया जातात. कोरडा कार्बोपॉल नॅनोसस्पेन्शनवर भुरभुरवायचा आणि मग न्यूट्रल करायचं हे नको. बेस आधी दुप्पट घट्ट करा, त्याचा पीएच आधीच साडेपाचच्या आसपास आणा, रात्रभर ठेवून हवा जाऊ द्या, आणि मग सस्पेन्शन थोडं थोडं घालत स्पॅच्युलाने किंवा अगदी कमी वेगाच्या ओव्हरहेड स्टररने घडी घातल्यासारखं मिसळा. जोरात फिरवलं की फेस होतो आणि तो जेलमधून निघता निघत नाही. सस्पेन्शन आणि बेस दोन्ही एकाच तापमानाला असू द्या.

रंग बदलला तर

तांबूस रंग म्हणजे अल्कली. करक्युमिन आम्ल बाजूला पिवळं राहतं आणि अल्कली झालं की लालसर तपकिरी होतं, आणि तिथे ते नुसतं रंग बदलत नाही, तुटतं. ट्रायइथेनॉलअमीन सस्पेन्शन घातल्यानंतर टाकत असाल तर थेंब पडतो तिथे लालसर ठिपका उठतो आणि ढवळलं की नाहीसा होतो, पीएच मीटरवर शेवटी साडेपाच दिसतो म्हणून सगळं ठीक वाटतं, पण त्या ठिपक्यात काही करक्युमिन गेलं ते गेलंच. म्हणून वर सांगितलं की बेस आधी न्यूट्रल करा. फिका पडला तर प्रकाश बघा, डबी अंबर घ्या नाहीतर फॉइल गुंडाळा, आणि फ्रांझ सेल चालू असतानाही वरचा दिवा बंद ठेवा. एक अजून, बाजारात पंच्याण्णव टक्के म्हणून येतं ते तीन करक्युमिनॉइड्सचं मिश्रण असतं, एकटं करक्युमिन नाही, त्यामुळे पुरवठादार बदलला की तिघांचं प्रमाण बदलतं आणि क्रिस्टलचं वागणंही बदलू शकतं. बॅच नंबर वहीत लिहून ठेवा.

जेल चांगलं आहे, तरी आकडे पटत नाहीत

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, साइज मोजताना. झीटासायझरला सॅम्पल पातळ करावं लागतं आणि आपण सरळ डिस्टिल्ड वॉटर घेतो. त्या पाण्यात औषध शून्य, मग सगळ्यात लहान कण विरघळतात आणि साइज वाढलेली दिसते. पाणी आधी औषधाने सॅच्युरेट करून, गाळून, ते वापरा, आणि स्टॅबिलायझरही थोडा त्यात असू द्या. उलटी फसवणूकही होते, डीएलएसला, म्हणजे झीटासायझरच्या साइज मोजायच्या पद्धतीला, काही मायक्रॉनच्या वरचं नीट दिसत नाही, मोठे कण क्युव्हेटच्या तळाशी बसतात आणि मशीन उरलेल्यांची छान साइज देतं, आणि तुम्ही म्हणता साइज तर चांगली आहे मग कणी कसली. लेझर डिफ्रॅक्शन करा आणि डी५० (निम्मा माल ज्या साइजच्या खाली असतो तो आकडा) बघून थांबू नका, डी९० आणि डी९९ बघा, बोटाला लागणारे कण त्या शेपटीत असतात.

दुसरं, फिल्टर. सॅच्युरेशन सोल्युबिलिटी काढताना ०.४५ नाहीतर ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळतात आणि एचपीएलसीला, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनला, लावतात, मग सोल्युबिलिटी पन्नास पट वाढली, शंभर पट वाढली असे आकडे येतात. २०० नॅनोमीटरचा क्रिस्टल त्या भोकातून आरामात जातो आणि मोबाइल फेजमधल्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळतो, एचपीएलसीला तो विरघळून आला होता की क्रिस्टल म्हणून आला होता हे कळायचं काही कारण नाही. नुसत्या साइजमुळे सोल्युबिलिटी एवढी वाढत नाही. ०.१ किंवा ०.०२ मायक्रॉनचा फिल्टर घ्या, किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूज करा, आणि फिल्टरला औषध चिकटतंय का तेही बघा. एक सोपी खूण अशी की गाळलेलं पाणी काचेच्या कुपीत घेऊन अंधारात बाजूने लाल लेझर पॉइंटर मारा. आतून किरणाची ठळक रेघ दिसली तर कण अजून आहेत, डोळ्याला ते कितीही स्वच्छ दिसत असलं तरी.

तिसरं, रिसेप्टर, म्हणजे फ्रांझ सेलमध्ये स्किनच्या खाली भरलेला द्रव. सवयीने पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर भरला जातो. करक्युमिन त्यात एकतर विरघळत नाही आणि जे काही पोचतं ते तिथेच तुटतं, उबदार फॉस्फेट बफरमध्ये बहुतेक करक्युमिन अर्ध्या तासात संपल्याचं खूप आधीच दाखवलेलं आहे. चोवीस तास चालणाऱ्या प्रयोगात मग तुम्ही काय मोजणार. सॅम्पल काढलं, थोडंसं काहीतरी दिसलं, साधं जेल आणि नॅनो जेल दोन्ही सारखेच, आणि थीसिसमध्ये निष्कर्ष गेला की फरक नाही. आम्ल बाजूचा बफर घ्या, विरघळण्यासाठी थोडा सर्फॅक्टंट किंवा इथेनॉल घाला, आणि स्किन न लावता नुसत्या रिसेप्टरमध्ये ठरावीक करक्युमिन टाकून प्रयोगाइतका वेळ ३२ अंशांवर ठेवून ते शिल्लक राहतं का ते आधी बघा. इथेनॉल मात्र जपून, जास्त झालं तर खालून उलटं स्किनमध्ये चढतं, वर पोचतं आणि वरचे क्रिस्टल विरघळवतं.

चौथं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तुम्ही शोधताय कुठे? सोरायसिस, इसब, मुरूम यासाठी औषध स्किनमध्ये हवंय, रक्तात नाही. नॅनोक्रिस्टलचा फायदा बऱ्याचदा स्किनच्या थरांत साठलेल्या औषधात दिसतो आणि रिसेप्टरची रेषा तशीच सपाट राहते, ते अपयश नाही, उलट तेच हवं होतं. टेप स्ट्रिपिंग करून, म्हणजे चिकटपट्टी लावून परत परत ओढून, स्ट्रेटम कॉर्नियमचे थर वेगळे काढा, उरलेली स्किन कापून त्यातलं औषध काढा, वर उरलेलं पुसून घ्या, आणि लावलेल्या डोसचा जवळपास पूर्ण हिशोब लागतो का बघा. हिशोब लागत नसेल तर कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवू नका. करक्युमिन स्वतः फ्लुरोसेंट आहे ही मोठी सोय आहे, स्किनचा पातळ छेद फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवला की ते किती खोल गेलंय ते डोळ्यांनी दिसतं.

तुलना कशाशी करता तेही. नॅनो जेलची तुलना साध्या पावडरच्या जेलशी करताना दोन्हीत स्टॅबिलायझर तेवढाच असला पाहिजे. नाहीतर टीपीजीएसने केलेलं काम नॅनोक्रिस्टलच्या नावावर जातं.

स्किन कुठून आणता

डुकराच्या कानाची स्किन माणसाच्या स्किनला बरीच जवळची म्हणून वापरतात, पण कत्तलखान्यात जनावर केस काढायला गरम पाण्यात घालतात आणि त्या पाण्याने बॅरिअर संपतो. कान त्या आधी काढून द्यायला सांगावं लागतं, तिथे स्वतः जाऊन सांगा, फोनवर सांगून होत नाही. आणल्यावर ओरखडे बघून टाकाऊ तुकडे बाजूला करा आणि प्रत्येक तुकड्याचा इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स किंवा पाणी सुटण्याचा वेग, टीईडब्ल्यूएल, मोजून घ्या. एका सेलचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी वर गेला असेल तर तो बहुधा फाटका तुकडा असतो.

केसांच्या मुळांचं वर म्हणालो होतो. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या लाडेमान यांच्या ग्रुपने दाखवलं की साधारण ६०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण मसाज केल्यावर फॉलिकलमध्ये सगळ्यात खोल जातात आणि तिथे काही दिवस राहतात, त्यांच्या एका कामात दहा दिवसांपर्यंत. म्हणजे मुरमांसाठी किंवा केसांच्या मुळाशी औषध हवं असेल तर २०० पेक्षा लहान, अजून लहान करत बसण्यात अर्थ नाही, आणि फ्रांझ सेलमध्ये जेल नुसतं वर पसरून ठेवलं तर तो रस्ता उघडतच नाही. हातमोजा घालून बोटाने काही मिनिटं मसाज करा, दर वेळी तेवढाच वेळ, तेवढाच दाब. आणि स्किन कानावरून सोलून काढली की ती आकसते आणि फॉलिकलची तोंडं मिटतात, म्हणून हा भाग बघायचा असेल तर जेल अख्ख्या कानावर, कूर्चा तशीच ठेवून लावा आणि मग टेप स्ट्रिपिंग करा, फॉलिकलमधलं औषध झटकन चिकटणाऱ्या ग्लूने, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटने उपटून काढा.

हे सगळं करून, जेलमध्ये सुया नाहीत, गोळे नाहीत, हिशोब लागतोय, आणि तरीही साध्या पावडरच्या जेलइतकंच स्किनमध्ये जातंय असं झालं, तर औषधाकडेच बघा. रेणू ५०० डाल्टनपेक्षा बराच मोठा असेल तर त्याला विरघळायला मदत करून फार काही साधत नाही, त्याची अडचण स्किन ओलांडायची आहे. औषध बेसमध्ये आधीच पुरेसं आणि लवकर विरघळत असेल तरी क्रिस्टल बारीक करून फरक पडणार नाही, कारण पुरवठा कधी कमी पडतच नव्हता. नॅनोक्रिस्टल उपयोगी पडतो तो जिथे रेणू स्किनमध्ये जायला तयार आहे पण पाण्यात उतरायला तयार नाही तिथे. करक्युमिन त्यातलं आहे, ३६८ डाल्टनचं, तेलाकडे ओढ असलेलं, म्हणून त्यावर एक साधी बॅच लावा: टीपीजीएसने केलेलं सस्पेन्शन, हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोजचा बेस, थोडं ग्लिसरीन, पीएच पाच ते साडेपाच, ग्लायकॉल नाही, इथेनॉल नाही, अंबर डबी. तिची स्लाइड पहिल्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पोलरायझरखाली बघा, फोटो काढून तारीख टाका, आणि पुढचा प्रत्येक घटक या बॅचमध्ये एकेक करून घाला.